विश्लेषण : समोरच्या टाकीतली बिअर चांगलीच असते का?

पुण्यात मुंढवा-बालेवाडी, मुंबईत लोअर परळ-अंधेरी आणि बेंगळुरूत इंदिरानगर. या भागांत काचेमागे स्टीलच्या चकचकीत टाक्या दिसल्या की ‘इथे ताजी बिअर मिळते’ हे वेगळं सांगावं लागत नाही. पण एकाच साखळीच्या दोन शाखांमध्ये, एकाच नावाची बिअर प्यायल्यावर चव वेगळी का लागते? एका शाखेत केळी-लवंगेचा सुंदर वास देणारी व्हीट बिअर दुसरीकडे आंबूस का होते? ताजेपणाच्या नावाखाली ग्राहक बाटलीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

ब्रूपब आणि टॅपरूम यात फरक काय?

ब्रूपबमध्ये बिअर त्याच जागेत बनते आणि तिथेच विकली जाते. टॅपरूममध्ये ती दुसरीकडच्या ब्रुअरीतून केगमध्ये भरून येते. आपल्याकडे दोन्ही प्रकार सर्रास ‘मायक्रोब्रुअरी’ या एकाच नावाने ओळखले जातात. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डुलाली’ ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. पुढे मुंबईत तिचा विस्तार झाला तो टॅपरूमच्या रूपाने. बेंगळुरूच्या इंदिरानगरमध्ये २०१० साली उघडलेली ‘टॉइट’ नंतर पुण्यात आणि मुंबईत आली. म्हणजे साखळी ही कल्पना आता या धंद्यात रुळली आहे.

टाकीत नेमकं काय बिघडतं?

मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. ती भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवली की स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी हॉप्स घालून तास-दीड तास उकळतात, झटपट थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. इथपर्यंतचं काम एका दिवसात होतं. पुढचं काम यीस्टचं, आणि यीस्टला शनिवारची गर्दी कळत नाही.

एल प्रकारच्या बिअरला तयार व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, लागरला महिना-दीड महिना. आंबवण सुरू असताना यीस्ट काही नको असलेले पदार्थ तयार करतं आणि वेळ दिला तर तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. डायअ‍ॅसिटिल हा त्यातलाच एक. त्याचा वास थेट बटर पॉपकॉर्नसारखा. तो जावा म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस लागरचं तापमान थोडं वाढवून ठेवतात. हे दोन दिवस वाचवले की टाकी लवकर रिकामी होते आणि पॉपकॉर्न ग्लासात येतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बहुतेक वेळा बिअर घाईने काढलेली असते. उकडलेल्या मक्याचा वास असेल तर उकळण्यात किंवा नंतर थंड करण्यात कुठेतरी कसर राहिलेली असते.

हे दोष मोठ्या कारखान्यातही होऊ शकतात. फरक असा की तिथे प्रयोगशाळा असते आणि एक टाकी नापास झाली तर दुसऱ्या दहा असतात. ब्रूपबमध्ये सहा-आठ टाक्यांवर सहा-आठ नळ चालतात. एक टाकी ओतून दिली तर एक नळ दोन-तीन आठवडे कोरडा. मॅनेजर ब्रुअरला काय सांगणार, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आणि बिअर उत्तम बनली तरी टाकीपासून नळापर्यंतची नळी उरतेच. तिच्या आतल्या भिंतीवर जिवाणू आणि यीस्टचा थर साचतो. दर दोन आठवड्यांनी नळ्या रसायनाने धुवाव्यात, अशी अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे. हे कंटाळवाणं काम आहे आणि कोणत्याही जाहिरातीत दाखवता येत नाही. आंबूस, व्हिनेगरसारख्या चवीचा दोष अनेकदा ब्रुअरचा नसून न धुतलेल्या नळीचा असतो.

मग साखळीत अडचण वाढते की कमी होते?

दोन्ही होतं. रेसिपी कागदावर एका शाखेतून दुसरीकडे पाठवता येते, पाणी पाठवता येत नाही. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. आताच्या चेकियातल्या पिल्झेनची बिअर तिथल्या अतिशय मऊ पाण्यामुळे घडली आणि इंग्लंडमधल्या बर्टनची कडवट पेल एल तिथल्या जिप्समयुक्त जड पाण्यामुळे. आपल्याकडे एका शाखेला महापालिकेचं पाणी असतं, दुसरीला बोअरवेल, तिसरीला उन्हाळ्यात टँकर. उपाय माहीत आहे : आरओने पाणी कोरं करायचं आणि हवे ते क्षार मोजून घालायचे. पण त्यासाठी प्रत्येक टँकरमागे मोजणी करणारा माणूस लागतो. (समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या बेंगळुरूत पाणी साधारण ९७ अंशांना उकळतं, मुंबईत १००ला. हॉप्सचा कडवटपणा उतरण्यावर याचाही थोडा परिणाम होतो. टँकरपुढे मात्र ही किरकोळ बाब.)

यीस्टचंही तसंच. एका बॅचमधून काढलेलं यीस्ट पुढच्या बॅचला वापरतात. काही फेऱ्यांनंतर ते थकतं, त्यात परके जंतू शिरतात. केव्हा थांबून नवं यीस्ट आणायचं, हा खर्चाचा निर्णय असतो. तो मुख्यालय घेतं की शाखेचा ब्रुअर, यावर बरंच अवलंबून आहे.

साखळीची बाजूही आहे. एकटादुकटा ब्रूपब सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित ब्रुअर आणि चाचण्यांचा खर्च काढायला धजावत नाही. पाच-सहा शाखांवर तो खर्च विभागला जातो. एका शाखेत झालेली चूक दुसरीला कळते. पण हा फायदा मिळतो तो पैसा तिकडे वळवला तरच. सगळा पैसा लाकडी इंटीरियर आणि डीजेवर गेला तर साखळी म्हणजे एकच चूक पाच ठिकाणी.

अमेरिकेत साखळ्यांनी काय केलं?

ब्रूपबच्या साखळ्यांचा मोठा प्रयोग तिथेच झाला. ‘गॉर्डन बिअर्श’ची पहिली शाखा १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत उघडली. तिच्या संस्थापकांपैकी डॅन गॉर्डन जर्मनीत ब्रुइंगचं शिक्षण घेऊन आले होते, आणि तिथल्या बिअरवर ती जर्मन शिस्त दिसायची. ‘रॉक बॉटम’ १९९१ मध्ये डेन्व्हरला सुरू झाली. शाखेतल्या ब्रुअरला स्वतःच्या बिअर बनवायला वाव देणारी साखळी, अशी तिची ओळख होती. दोन्ही साखळ्या २०१० मध्ये एकाच कंपनीखाली आल्या. ‘बीजेज’ या तिसऱ्या साखळीने वेगळी वाट धरली. दोनशेहून अधिक रेस्टॉरंटमधली तिची बहुतेक बिअर मोजक्या ब्रुअरींमध्ये, बाहेरच्या कंत्राटी ब्रुअरींसह, तयार होते.

यातली तिसरी वाट ऐकायला रुक्ष वाटते, पण ग्राहकाशी ती प्रामाणिक असू शकते. एका ठिकाणी नीट बनवून थंड केगमध्ये आलेली बिअर काचेमागच्या टाकीतल्या घाईच्या बिअरपेक्षा सरस ठरते. ‘इथेच बनते’ हे जागेचं वर्णन आहे. गुणवत्तेची हमी म्हणून ते विकलं जातं, तिथे गडबड सुरू होते.

ग्राहकाच्या हातात काय?

फारसं नाही. मद्यपेयांसाठी ‘एफएसएसएआय’चे २०१८ चे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. त्यानुसार बाटली किंवा कॅनवर अल्कोहोलचं प्रमाण छापावं लागतं, उत्पादनाची तारीख आणि बॅचही असते. ब्रूपबच्या ग्लासावर यातलं काही नसतं. गंमत अशी की ही बिअर सहसा न गाळलेली, पाश्चराइज न केलेली, जिवंत यीस्ट असलेली असते. म्हणजे बाटलीपेक्षा तिचं आयुष्य कमी आणि तारखेची गरज जास्त. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, महाराष्ट्राने ग्राउलरमधून ताजी बिअर घरी नेण्याची मुभा दिली, तेव्हा किती दिवसांत प्यायची हा प्रश्न ग्राहकांनी प्रथमच विचारला. टेबलावर बसल्यावर तो कुणी विचारत नाही.

नळावरच्या पाटीवर बिअरच्या नावाशेजारी तीन गोष्टी खडूने लिहायला खर्च येत नाही : टाकी कधी लावली, अल्कोहोल किती, बिअर इथे बनली की बाहेरून आली. साखळ्यांनी हे स्वतःहून करावं. न केल्यास परवाना देणाऱ्यांनी सक्ती करावी. उत्पादन शुल्क विभाग लिटरचा हिशेब काटेकोर ठेवतो, त्यात तारखेचा एक रकाना जड नाही.

तोवर आधी चाखायला छोटा ग्लास मागणं हा सोपा मार्ग आहे. बहुतेक ठिकाणी तो फुकट मिळतो. गार बिअरचा वास दबलेला असतो, त्यामुळे मिनिटभर थांबून हुंगावं. व्हीट बिअरमधली केळी-लवंग यीस्टची देणगी आहे, तिला दोष समजू नये. पॉपकॉर्न, उकडलेला मका किंवा व्हिनेगर आला तर ग्लास परत करावा. तक्रार पुढे न्यायची असेल तर ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ हे सरकारी अ‍ॅप आहे. मात्र बाटलीबद्दल लिहिताना बॅच नंबर देता येतो. ग्लासबद्दल लिहिताना ग्राहकाकडे असतं फक्त बिल.