घाट, ओझे आणि तापणारी गाडी

एप्रिलअखेर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शाळेत जमा केले की आम्हा शिक्षकांच्या घरी गावी जाण्याची बोलणी सुरू होतात. वाचकांपैकी कित्येकांचा संसार पुणे, सातारा, कराड, कोल्हापूरकडे आणि मूळ गाव महाड, खेड, चिपळूण, राजापूरकडे. मे महिन्यात तिकडे निकाह असतात, आंबे उतरलेले असतात, मुलांना नाना-नानींची ओढ असते. जाताना घाट उतरायचा असल्याने गाडीच्या इंजिनाला फारसे कष्ट पडत नाहीत. खरी परीक्षा परतताना. सगळ्या सीट भरलेल्या, डिक्कीत आंब्याच्या पेट्या, टपावर तांदळाचे पोते, आत एसी, वर ऊन आणि समोर कुंभार्ली, आंबा किंवा वरंध घाटाचा चढ. अशा दिवसांत वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

हा विषय गॅरेजवाल्याचा आहे, असे म्हणून पान उलटू नका. गाडी घाटात तापते तेव्हा आत अख्खे घर बसलेले असते.

आधी गाडी तापते का, ते समजून घेऊ. माणसे आणि सामान धरून दीड टनाची गाडी पाचशे-सहाशे मीटर वर न्यायची तर नुसत्या चढवण्याच्या कामालाच साधारण एक लिटर पेट्रोल जादा लागते. त्या पेट्रोलच्या ताकदीतला चौथा ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णताच. थोडी धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते, थोडी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये उतरते. ते गरम पाणी पुढच्या जाळीत, रेडिएटरमध्ये येते, वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. म्हणजे ओझे वाढले की उष्णता वाढते आणि ती बाहेर टाकायला वारा लागतो. घाटात नेमके उलटे होते. काम जास्त आणि वेग कमी, म्हणून वारा कमी.

त्यात हवा तापलेली. इंजिनातले पाणी ९० अंशांच्या आसपास असते. पहाटे बाहेर २५ अंश असतील तर दोहोंत ६५ अंशांचा फरक पडतो. भर दुपारी बाहेर ४० अंश झाले की फरक ५० वर येतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटते. म्हणून फजरची नमाज झाली की निघावे आणि ऊन चढण्याआधी घाट पार करावा, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला विज्ञानालाही धरून आहे.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, इंजिन पूर्ण थंड असताना, एवढे पाहून घ्या. कूलंटच्या बाटलीवर दोन रेघा असतात, पातळी त्या दोन रेघांमध्ये हवी. ती पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. नुसती भर घालत बसू नका, मिस्त्रीला दाखवा. बोअरचे पाणी ओतू नका. त्याने आत क्षार आणि गंज धरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरा. रेडिएटरच्या जाळीत चिखल, पाने, किडे अडकलेले असतील तर पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. रबरी पाइप फुगलेले किंवा चिरलेले नाहीत ना, हे पाहा. मग गाडी जागेवरच एसी बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा. काटा मध्यावर आला की थोड्या वेळाने रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे. नाही झाला, तर ती गाडी घाटात न्यायची नाही. शेवटची गोष्ट टायरची. भरलेल्या गाडीसाठी हवा किती हवी, ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. हवा कमी असेल तर तेवढे जादा कष्ट इंजिनालाच पडतात.

आता चढ. वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथत असेल तर वेळेवर खालचा गिअर टाका. इंजिन मोकळेपणाने फिरले की बहुतेक गाड्यांत त्याच्याच जोरावर चालणारा पाण्याचा पंपही जोरात फिरतो. पुढच्या ट्रकला चिकटून चालू नका. त्याची गरम हवा आपल्याच रेडिएटरवर येते. एसीचीही एक जाळी रेडिएटरच्या पुढेच असते. तिच्यातली गरम हवा मागे जाते आणि एसी चालवायला इंजिनाला जादा काम पडते, ते वेगळेच. म्हणून काटा मध्यावरून वर सरकू लागला की पहिले काम एसी बंद करणे. काचा खाली करा. तरीही काटा चढत असेल तर गाडीचा हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हीटर ऐकून हसू येईल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढून घेतो. मुले कुरकुरतील, घाम येईल, पण रुंद जागा सापडेपर्यंत इंजिनाला तेवढाच आधार मिळतो.

काही नव्या गाड्यांत काटा नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि फार तापले की लाल असा दिवा लागतो. लाल दिवा लागला म्हणजे वेळ निघून चालली आहे. तिथे 'वर हॉटेल आहे, तिथवर जाऊ' म्हणू नका. वळण टाळून रस्त्याच्या कडेला रुंद जागी थांबा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, चारही इंडिकेटर सुरू करा. माणसांना रस्त्यापासून दूर सावलीत बसवा. काटा थोडाच चढला असेल आणि वाफ नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटे तसेच चालू राहू द्या, पंखा आणि पंप काम करत राहतात. लाल दिवा लागला असेल, वाफ दिसत असेल किंवा काटा खाली येत नसेल, तर इंजिन ताबडतोब बंद करा.

यानंतरची गोष्ट घरातल्या प्रत्येकाने, लहान मुलांनीही, लक्षात ठेवावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर आठवा. साध्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते, कुकरमध्ये दाबामुळे १२० च्या आसपास. रेडिएटरचे झाकणही तसाच दाब धरून ठेवते. झाकण सुटले की दाब जातो आणि आतले पाणी क्षणात उसळून उकळत बाहेर येते. शिट्टी न सोडता कुकर उघडणाऱ्या माणसाला आपण ओरडतो, आणि तोच माणूस घाटात फडके धरून रेडिएटर उघडायला जातो. आमच्या नात्यातल्या एका तरुणाचा हात आणि मान अशीच भाजली. वऱ्हाड पुढे गेले होते आणि त्याला लवकर पोहोचायचे होते, एवढेच कारण. झाकण उघडण्याआधी किमान अर्धा तास थांबा. वरचा रबरी पाइप हाताला गार लागला तरच झाकणाला हात लावा. कोणी भाजलेच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार सोडा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतले काही लावू नका, आणि डॉक्टर गाठा.

तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. एकदम निवल्याने धातू चिरू शकतो. इंजिन निवल्यावर पाणी भरायचे तर थोडे थोडे भरा. अडचणीत पिण्याचे साधे पाणी चालते, मात्र घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या. हट्टाने तशीच गाडी दामटली तर इंजिनाचे हेड वाकते, गॅसकेट उडते आणि अर्ध्या तासाचे काम इंजिन खोलण्यावर जाते. पाणी पार संपले असेल तर काटाही फसवतो. त्याला खबर देणारा भाग पाण्यातच बुडलेला नसल्याने इंजिन जळत असताना काटा खाली दिसू शकतो.

आता टोचनविषयी. नात्यातली एक गाडी बंद पडली की दुसरी दोरी लावून ओढायला पुढे येते. भावना चांगली आहे. पण वरचा हिशेब इथेही लावा. एका गाडीचे ओझे चढवताना जे इंजिन तापत होते, त्याला आता दोन गाड्या चढवायच्या आहेत, त्याही ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने, म्हणजे वारा जवळजवळ नाहीच. थोड्याच वेळात दोन्ही गाड्या बंद पडायच्या. शिवाय मागच्या गाडीचे इंजिन बंद असल्याने तिचा ब्रेक आणि स्टिअरिंग जड होते, उतारावर ती पुढच्या गाडीवर येऊ शकते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी तर चाके जमिनीवर ठेवून ओढायचीच नसते, तिचा गिअरबॉक्स खराब होतो. म्हणून टोचन लावायचे ते फक्त वळणावरून रुंद जागेपर्यंत. मागच्या गाडीत चालकाशिवाय कोणी बसू नये आणि ओढणाऱ्या गाडीचा एसी बंद असावा. पुढे घाट चढवायला क्रेन बोलवा. तिचे पैसे दुसऱ्या इंजिनापेक्षा स्वस्तच पडतात.

चालकाचे लक्ष रस्त्यावर हवे, तेव्हा काट्यावर नजर ठेवण्याचे काम शेजारी बसणाऱ्याने घ्यावे. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते. तिने 'काटा वर चाललाय, थांबू या' म्हटले की 'तुला काय कळते' हे उत्तर नको. थांबण्यात कमीपणा नाही. वलीम्याला तासभर उशीर झाला तर यजमान समजून घेतात. पाच लिटर पाण्याचा कॅन, जाड कापड, टॉर्च आणि घाटाच्या दोन्ही बाजूंच्या मिस्त्रींचे फोन नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा, कारण घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

आपणा सर्वांची सफर खैरियतीने होवो. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.