लग्नाला मोठी, माहितीला लहान?

"अहो ताई, नको त्या वयात नको ते कशाला सांगता? उगीच पोरींच्या डोक्यात भरतं." शाळेत किशोरवयीन मुलींशी बोलायला गेले की हे वाक्य ठरलेलंच. म्हणणाऱ्या बहुतेक आयाच असतात. काळजीपोटी म्हणतात, पण मला ते पटत नाही.

सांगितल्याने मुलं बिघडतात का, हे अभ्यासकांनी तपासून झालंय. युनेस्कोने २००९ साली लैंगिक शिक्षणाची मार्गदर्शिका काढली, तेव्हा जगभरातले ८७ अभ्यास पाहिले. माहिती मिळाली म्हणून मुलं लवकर त्या वाटेला लागली, असं त्यात दिसलं नाही. काही ठिकाणी तर ती उलट थांबली. आपल्याकडे मात्र २००७ मध्ये आमदारांनी आरडाओरडा केला आणि शाळांतला हा कार्यक्रम सरकारने थांबवला. र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच महाराष्ट्रात!

थांबवलं म्हणून मुलींचे प्रश्न थोडेच थांबतात? मी त्यांना नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगते. 'मुलाने हात धरला तर दिवस जातात का?' 'पांढरं जातं म्हणजे कॅन्सर का?' आणि एकदा, 'मामा जवळ घेतो ते आवडत नाही, कुणाला सांगू?' ती चिठ्ठी वाचून माझे हातपाय गार पडले. मुख्याध्यापिकाबाईंना लगेच सांगितलं, वर्गात फळ्यावर चाइल्डलाइनचा १०९८ नंबर लिहिला. या मुलीच्या डोक्यात कुणी काय भरलं होतं, सांगा बरं? तिच्याकडे फक्त ते सांगायला शब्द आणि माणूस नव्हतं.

दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे बाळंतपणाला ती मोठी, आणि शरीर कसं चालतं हे ऐकायला मात्र लहान!

मुलग्यांचं तर विचारूच नका. पाळी म्हणजे काय हे घरात कुणी सांगत नाही, आणि बाकी सगळं मोबाइल शिकवतो, तेही वाकडंतिकडं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकं आहेत, सल्ला फुकट मिळतो. आमच्याकडे हल्ली आया मुलींना घेऊन तिथे यायला लागल्यात. मुलाला घेऊन आलेली आई मात्र मला अजून भेटायचीय.