नवा कॅमेरा आला? बरं मग!

नवा कॅमेरा बाजारात आला की अजूनही मित्रांचे फोन येतात. "पाहिलास का?" पाहिला. "घेणार?" नाही. मग पलीकडे अशी शांतता पसरते, जणू मी भजनी मंडळ सोडून चाललोय!

वीस-पंचवीस वर्षं फोटो काढल्यावर नव्या यंत्राचं कौतुक ओसरलं, याला लोक म्हातारपण म्हणतात. मला ते साफ नामंजूर आहे. जरा हिशोब करू. २००४ साली आलेल्या निकॉन डी-७० मध्ये साठ लाख पिक्सेल होते. आपल्या साध्या फुल एचडी पडद्यावर मावतात जेमतेम वीस लाख. २०१७ च्या डी-८५० ने साडेचार कोटी दिले. आणि ते फोटो बघतो कुठे? हातातल्या मोबाईलवर, अंगठ्याने वर सरकवत.

तुम्ही म्हणाल, सुधारणा झाल्याच नाहीत का? झाल्या की! अंधारात फोटो निघतो, उडत्या पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः पकडतो. पक्षी टिपणाऱ्याने, बातमीदाराने जरूर घ्यावा. माझी तक्रार उरलेल्या नव्वद जणांबद्दल आहे. कर्जाचे हप्ते भरत बॉडी बदलायची आणि फोटो मात्र तेच, तिथूनच, त्याच वेळी काढायचे.

आगरदांड्याचंच घ्या. दिघीकडे जाणारी फेरी, खाडी, होड्या, मावळतीचा उजेड. इथे फोटो बिघडतो तो सेन्सरमुळे नाही, पंचांग न पाहिल्यामुळे. कोकणात जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमाराला खाडी भरलेली. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी आणि उघडा चिखल. दोन्ही सुंदर, पण दोन वेगळी चित्रं. भरल्या पाण्यावरचा तो उजेड पंधरवड्यातून एकदाच जुळतो, त्यातही आभाळ मोकळं हवं. एका लेन्सच्या किमतीत तिथे किती वेळा जाऊन येता येईल? पण शनिवारी दुपारी येऊन रविवारी सकाळी परतणाऱ्याला तिथी कशाला हवी? त्याच्याकडे बारा फ्रेम प्रतिसेकंद आहेत ना!

आणि जाळी विणणारा माणूस? पहिल्या दिवशी तो तुमच्या लांबलचक लेन्सकडे बघतो. चौथ्या खेपेला कुठे तो तुम्हाला विसरून कामाला लागतो. खरा फोटो तेव्हा सुरू होतो. ही चौथी खेप कुठल्याही खोक्यात मिळत नाही.

गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' उघडा. कुठली लेन्स, असा प्रश्न पडतो का? आधी तो माणूस दिसतो.

गंमत बघा, आपल्या दमट हवेत कपाटात जपून ठेवलेल्या लेन्सलाच बुरशी लवकर धरते. वापरातली, उजेड-वारा लागलेली लेन्स बहुधा टिकते. उत्साहाचंही तसंच आहे. माझा संपलेला नाही, त्याने फक्त दुकानात जाणं सोडलंय.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी फोन कराल तर नवं मॉडेल सांगू नका. अष्टमी कधी आहे ते सांगा.