फुकेतचे बेट : काय पाहावे, कसे पाहावे

देशाटनाने चातुर्य येते, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. परंतु हल्ली देशाटन पुष्कळ होते आणि चातुर्य मात्र घरीच राहते, अशी वडील मंडळींची तक्रार आहे. ती अगदीच निराधार आहे असे आम्हांस वाटत नाही. २०२४ या एका वर्षात भारतातून वीस लाखांहून अधिक माणसे थायलंडला जाऊन आली. परत आलेल्यांच्या तोंडून हॉटेलातील न्याहारी, बाजारातील घासाघीस आणि बोटीत काढलेली छायाचित्रे यांचे वर्णन रंगते. ज्या बेटावर ते चार दिवस राहिले, त्या बेटाविषयी मात्र दोन वाक्येही ऐकावयास मिळत नाहीत. यास्तव त्या देशातील सर्वांत मोठे बेट जे फुकेत, तेथे काय पाहावे आणि कसे पाहावे, याविषयी आमचे विचार वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

फुकेतचे क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ सातव्या हिश्शाएवढे. ते अंदमानच्या समुद्रात आहे. याच समुद्राच्या पश्चिमेच्या कडेला आपली अंदमान-निकोबार बेटे आहेत, हे भूगोलाचा नकाशा उघडून विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. 'फुकेत' हे नाव मलय भाषेतील 'टेकडी' या अर्थाच्या शब्दावरून आले असे मानतात, आणि बेट खरोखरीच डोंगराळ आहे. मुख्य भूमीशी ते सारासिन पुलाने १९६७ साली जोडले गेले. पातोंग, कारोन, काता हे प्रसिद्ध किनारे पश्चिमेला आहेत. बहुतेक प्रवासी तेथे उतरतात, तेथेच राहतात आणि तेथूनच परततात. आमचे म्हणणे इतकेच की, किनारा हा बेटाचा उंबरठा आहे. उंबरठ्यावरून परत फिरणाऱ्याने घर पाहिले असे म्हणू नये.

मराठी मुलांना या बेटावर एक मौज विनामूल्य मिळेल, ती म्हणजे नावे ओळखण्याची. दक्षिण टोकाला सूर्यास्तासाठी प्रख्यात असलेले एक भूशिर आहे. त्याचे नाव 'प्रोमथेप', म्हणजे आपला ब्रह्मदेव. जुन्या शहरातील एका गल्लीचे नाव 'रोमनी'. हे आपले रमणीय. एप्रिलच्या मध्यावर तेथे नववर्षाचा जलोत्सव होतो, त्याचे नाव 'सोंगक्रान'. ही आपली संक्रांत. थाई भाषेचे कूळ आपल्या भाषेहून निराळे आहे. तथापि संस्कृत व पाली शब्द समुद्र ओलांडून तेथे गेले आणि तेथील उच्चारांचा वेष घेऊन राहिले. दुकानाच्या पाट्या वाचून कंटाळणाऱ्या मुलास हा शोध लागला, तर सारा प्रवासच त्याला निराळा वाटू लागेल.

विमानतळाकडून शहराकडे येताना थलांग भागात रस्त्याच्या मधोमध दोन स्त्रियांचे पुतळे उभे आहेत. प्रवाशांच्या गाड्या त्यांना वळसा घालून भरधाव निघून जातात. गाडी थांबवून त्यांचा इतिहास विचारावा. १७८५ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने थलांगला वेढा घातला. बेटाचा अधिकारी नुकताच मरण पावला होता. त्याची विधवा चन आणि तिची बहीण मूक या दोघींनी लोकांना धीर देऊन बचावाची व्यवस्था केली. स्त्रियांना सैनिकांचे वेष चढवून त्यांनी आपले बळ आहे त्याहून मोठे असल्याचा आभास निर्माण केला, असे सांगतात. सुमारे महिन्याभराने शत्रू माघारी फिरला. पुढे राजा पहिला राम याने त्यांस पदव्या दिल्या, त्या 'थेप कसत्री' आणि 'सी सुन्थोन'. त्यांतील देव, क्षत्री, श्री आणि सुंदर हे शब्द आपल्या वाचकांस सांगावयास नकोतच. लक्ष्मीबाई आणि ताराबाई यांच्या कथा ऐकून वाढलेल्या मुलींनी या दोघी बहिणींना ओळखू नये, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

शहराच्या जुन्या भागात दुतर्फा रंगीत घरांच्या रांगा आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि पुढे सलग कमानींची पडवी. तेथील एका रस्त्याचे नाव 'दिबुक', म्हणजे कथील. या एका शब्दात फुकेतचा कित्येक शतकांचा इतिहास साठविलेला आहे. कथिलासाठी येथे व्यापारी आले. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधून खाणकामगारांचे तांडे आले. त्यांपैकी काही धनाढ्य झाले, स्थानिक कुटुंबांशी त्यांचे विवाहसंबंध जुळले आणि एक मिश्र संस्कृती उदयास आली. तिची चव तेथील अन्नात आजही आहे. युनेस्कोने २०१५ साली पाककलेसाठी नावाजलेल्या नगरांत फुकेतचा समावेश केला, तो उगीच नव्हे. शाकाहारी कुटुंबांनी तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या आरंभी तेथे नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो. हे दिवस बहुधा आपल्या शारदीय नवरात्राशी जुळतात. गावभर पिवळी निशाणे लागतात आणि रस्त्यावरच्या खाऊवाल्यांपाशीसुद्धा निखळ शाकाहारी पदार्थ मिळतात. घट बसविलेल्या घरातील माणसास परदेशी असे शेजारपण भेटावे, ही लहान गोष्ट नव्हे. त्या मिरवणुकांत काही भक्त शरीरात शस्त्रे टोचून घेतात; लहान मुलांना नेण्यापूर्वी पालकांनी याचा विचार करावा.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. १९८५ साली जगाच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला आणि बेटाचा जुना आधार सुटला. त्याच सुमारास कथिलाच्या मळीतून टँटॅलम हा धातू काढणारा कारखाना तेथे उभा राहिला होता. त्याच्या प्रदूषणाने किनारे नासतील, या भीतीने हजारो लोक रस्त्यावर आले आणि २३ जून १९८६ रोजी तो कारखाना जाळला गेला. जाळपोळीचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. परंतु त्या दिवसानंतर बेटाने खाण सोडून पर्यटनाची कास धरली, हे खरे. लोकांस वाटले, खाण संपते, समुद्र संपत नाही. आमच्या मते येथेच विचाराची गल्लत होते. पर्यटन हीसुद्धा एक खाणच आहे. खाणीतून धातू निघतो, तद्वत् किनाऱ्यावरून सौंदर्य उपसले जाते; आणि हिशेब न ठेवता उपसले, तर तेही संपते. गोव्याच्या वाचकांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. आपल्याकडे लोहखनिजाच्या खाणीही आहेत आणि किनारेही आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले, तेव्हा खाणपट्ट्यातील घरांवर कोणती वेळ आली, ते आपण पाहिले आहे.

किनारा कसा संपतो, याचे उदाहरण फुकेतहून बोटीने गाठता येणाऱ्या फी फी ले या बेटावर आहे. तेथील माया नावाचे आखात उंच कड्यांनी वेढलेले आहे. २००० साली प्रदर्शित झालेल्या एका इंग्रजी चित्रपटामुळे ते जगप्रसिद्ध झाले आणि त्या चिमुकल्या पुळणीवर दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे येऊ लागली. बोटींचे नांगर प्रवाळांवर पडू लागले. प्रवाळ मोडले, मेले. अखेर जून २०१८ मध्ये सरकारने ते आखात बंद केले. साडेतीन वर्षांनी, १ जानेवारी २०२२ रोजी, ते पुन्हा उघडले. आता बोटींनी मागच्या बाजूस थांबावयाचे, लाकडी वाटेने चालत पुढे यावयाचे, ठरावीक संख्येने व ठरावीक वेळच थांबावयाचे, पोहावयाचे नाही. शिवाय पावसाळ्यात दरवर्षी काही काळ ते बंद असते. मधल्या काळात हजारो प्रवाळांची पुनर्लागवड झाली आणि काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क मासे उथळ पाण्यात परत आले. माणसाने हात आखडता घेतला की निसर्ग पुन्हा उभा राहू शकतो, हा धडा येथे चित्रासारखा समोर दिसतो. आमच्या मते त्या आखातात पाहण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

फांग-ङाच्या उपसागरातही हेच. हिरव्या पाण्यातून चुनखडीचे शेकडो सुळके सरळ वर आलेले आहेत, आणि ओहोटीच्या वेळी लहान होडीतून गुहेतल्या वाटेने डोंगराच्या पोटातील उघड्या तळ्यात शिरता येते. 'तापू', म्हणजे खिळा, या नावाचा एक सुळका १९७४ सालच्या एका इंग्रजी चित्रपटामुळे प्रसिद्धीस आला. १९९८ पासून बोटींना त्याच्या निकट जाण्यास मनाई आहे. लाटांनी आधीच पोखरलेला त्याचा पाया सुरक्षित राहावा म्हणून. बहुतेक लोक त्याचे छायाचित्र काढून परततात. आम्ही म्हणू, जवळच्या पान्यी बेटावर जावे. तेथे खांबांवर उभे असलेले मुसलमान कोळ्यांचे गाव आहे. खेळावयास जमीनच नाही, म्हणून १९८६ च्या सुमारास तेथील मुलांनी जुन्या फळ्या आणि तराफे जोडून पाण्यावर तरंगणारे फुटबॉलचे मैदान तयार केले. चेंडू पडला की खेळाडूनेही उडी मारावयाची! मैदान नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आमच्या खेळाडूंनी हे वाचून ठेवावे.

समुद्राशी लडिवाळपणा करणाऱ्यांस एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्येचा मोसमी वारा पश्चिम किनाऱ्यावर आपटतो. लाल निशाण लागले की पाण्यात उतरू नये. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नये; किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूस निघावे. ज्ञान कसे तारते, याचे उदाहरण याच बेटाने जगाला दिले आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळील भूकंपामुळे उठलेल्या लाटांनी थायलंडात पाच हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. फुकेतच्या माय खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी होती. पाण्याला विचित्र फेस येत असलेला पाहून तिला दोनच आठवड्यांपूर्वीचा भूगोलाचा पाठ आठवला. तिने आईवडिलांना सांगितले, त्यांनी इतरांना सांगितले, आणि सुमारे शंभर माणसे वेळेवर किनाऱ्यापासून दूर गेली. उत्तरेकडील सुरिन बेटांवरच्या मोकेन या दर्यावर्दी जमातीने तर पुस्तकाविनाच, वाडवडिलांच्या कथांच्या आधारे, ओसरते पाणी ओळखले आणि उंच जागा गाठली. पाठ्यपुस्तक असो वा आजीची गोष्ट, लक्ष देऊन ऐकणारा वाचतो.

मुक्या प्राण्यांच्या बाबतीतही थोडे तारतम्य हवे. गिबनचे पिल्लू खांद्यावर घेऊन छायाचित्र काढविण्याची हौस पुष्कळांना असते. ते पिल्लू मिळविण्यासाठी रानात त्याच्या आईला गोळी घालावी लागते, हे त्यांस ठाऊक नसते. अशा शिकारीमुळे फुकेतच्या रानातून गिबन नाहीसे झाले होते. १९९२ पासून बांग पे धबधब्याजवळ त्यांना पुन्हा रानात सोडण्याचा उद्योग चालला आहे. तेथे जावे, दुरून त्यांचे गाणे ऐकावे आणि यथाशक्ती मदत करावी. तसेच प्रवाळांना घातक अशी द्रव्ये असलेली उन्हाची मलमे थायलंडच्या सागरी उद्यानांत २०२१ पासून वर्ज्य आहेत. अंगभर सुती सदरा हा त्यावरचा साधा उपाय.

कोणी म्हणेल, 'सुट्टीतही इतके नियम पाळावयाचे, तर मजा ती काय राहिली?' आमचे उत्तर असे की, माया आखातातील नियम हे मजेचे शत्रू नसून तिचे राखणदार आहेत. ते नसते, तर आज तेथे पाहावयास मेलेले प्रवाळच उरले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नावाडी, स्वयंपाकी, खोल्या झाडणाऱ्या बाया या सर्वांचे पोट प्रवाशांवर अवलंबून आहे. मर्यादा घातल्या तर त्यांनी काय खावे? हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. २०२० च्या महामारीत प्रवासी थांबले, तेव्हा फुकेतच्या घरांतील चुली मंदावल्या. म्हणूनच १ जुलै २०२१ रोजी उर्वरित देशाच्या आधी त्या बेटाने लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी दार उघडले. परंतु याच कारणासाठी मर्यादा हव्यात. नावाड्याच्या मुलाला उद्या होडी चालवावयाची असेल, तर समुद्र आज राखला पाहिजे. आणि प्रवाशाने मोठ्या हॉटेलाच्या भिंतीआड चार दिवस काढण्याऐवजी जुन्या शहरातील खाणावळीत जेवावे, पान्यीतील कोळिणीकडून खरेदी करावी. म्हणजे कमी गर्दीतही पैसा योग्य हाती पोहोचेल.

सर्वांनाच परदेशी बेटावर जाणे शक्य नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. ही दृष्टी घरच्या किनाऱ्यावरही उपयोगी पडते. माय खाओच्या वाळूवर कासविणी अंडी घालावयास येतात, तशाच त्या आपल्या मोरजीला आणि आगोंदलाही येतात. त्यांच्या अंड्यांभोवतीची कुंपणे किती मुलांनी थांबून पाहिली आहेत? येत्या सुट्टीत शाळेतील प्रत्येकाने आपल्या जवळच्या एखाद्या किनाऱ्याचे, नदीचे वा डोंगराचे नाव कोठून आले, तेथे कोण राहतो, काय नाहीसे होत आहे, हे विचारून लिहून काढावे. पुढील वार्षिकाच्या पानांत ते छापता आले, तर आम्हांस परमसंतोष होईल.