लॅपटॉप उघडण्याआधी वही घेऊन जा

फायनल इयरला प्रोजेक्ट काय घेतला, असं कट्ट्यावर कुणालाही विचारून बघा. उत्तर ठरलेलं: ‘लायब्ररी मॅनेजमेंट’, नाहीतर ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’. बरेचदा तो सीनियरचाच असतो, फक्त नावं बदललेली. आणि याच वर्गातल्या कितीतरी जणांना पुढे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट व्हायचंय!

आर्किटेक्ट म्हणजे सॉफ्टवेअरचा नकाशा काढणारा. त्यात कोणते भाग असतील, ते कसे जोडायचे, कोणती माहिती कुठे ठेवायची, हे तो ठरवतो. पगार, खाती, साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर असेल तर त्यासाठी नुसता कोड येऊन भागत नाही. तो धंदा कळावा लागतो.

‘टॅली’च घ्या. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायाचा हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना. ते त्यांच्या मुलानं, भरतनं तयार केलं आणि १९८६ मध्ये ते बाजारात आलं. भरत गणिताचा पदवीधर. पण हिशेबाची अडचण घरातच रोज दिसत होती. जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएम सोडून पाच जणांनी ‘सॅप’ सुरू केली. त्यांचं पहिलं मोठं काम होतं नायलॉनच्या कारखान्याचं, आणि ते त्यांनी कारखान्यातच बसून केलं.

आता आपल्याकडे या. मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपुरात तेंदूपत्ता तोडला जातो. सत्तर पानांचं एक पुडकं. मोजायला सोपं वाटतं ना? पण पानं अख्खं घर तोडतं आणि नोंद एकाच्या नावावर होते. मग बाईची मजुरी कुणाच्या खात्यात जाणार? बोनस नंतर आला तर कुणाला मिळणार? रेंज गेली तर दिवसभराच्या नोंदी कुठे राहणार? हे प्रश्न ज्याला कोड लिहिण्याआधी पडतात, तो आर्किटेक्ट होण्याच्या वाटेवर आहे. पुण्यात एसी ऑफिसात बसलेल्याला ते सुचतीलच असं नाही. तुमच्या मावशीला मात्र ते पाठ आहेत.

डिग्री नको, असं मी म्हणत नाही. पहिल्या नोकरीचं दार बहुतेकदा तीच उघडते. आणि आल्या-आल्या कुणी आर्किटेक्ट करत नाही. आधी काही वर्षं कोड लिहावा लागतो, दुसऱ्यांच्या चुका निस्तराव्या लागतात. पण कामाची माहिती ही तुमची स्वतःची पुंजी आहे, तिची लाज कशाला?

म्हणून कॉलेजांना एकच सांगणं आहे. फायनल इयरचा पहिला महिना इंजिनिअरिंग आणि कॉमर्सच्या पोरांना जोडीनं बाहेर पाठवा. मूलच्या राइस मिलमध्ये, एखाद्या पतसंस्थेत, तेंदूच्या संकलन केंद्रावर. कॉलेज पाठवत नसेल, तर तुम्हीच जा. दोन दिवस नुसतं ऐका, लिहून घ्या. प्रोजेक्टचा विषय तिथेच सापडेल, आणि तो सीनियरकडे नक्की नसेल.