शून्य शून्य शून्य शून्य
पगाराचे आकडे, रुग्णांचे अहवाल, कर्जाच्या चौकशा ऑफिसातल्या कॉर्डलेस फोनवरून बिनधास्त बोलल्या जातात. डिसेंबर 2008 मध्ये बर्लिनच्या हॅकर संमेलनात संशोधकांनी साधारण 23 युरोंच्या लॅपटॉप-कार्डावर डेक्ट या मानकावर चालणाऱ्या कॉर्डलेस फोनवरची अशी संभाषणं पकडता येतात हे दाखवून दिलं. कुलूप फोडायची गरजही अनेकदा नव्हती, कारण कित्येक फोनांत एन्क्रिप्शन चालूच नव्हतं! काही हँडसेट तर समोरचा बेस खरा की तोतया, हेसुद्धा तपासत नव्हते. पुढे डेक्टच्या मानकात एन्क्रिप्शनची 128 बिटांची, एईएसवर आधारलेली पद्धत आली, पण जुन्या यंत्रांत ती आपोआप उतरत नाही. म्हणून ऑफिसात फोन बसवणाऱ्याने बेसचा 0000 असा मूळचा पिन पहिल्याच दिवशी बदलावा, एन्क्रिप्शन सक्तीचं करावं आणि हँडसेट जोडून झाले की नव्या नोंदणीची सोय लगेच बंद करावी.