राजीनामा लिहून देऊ नका

"आधी तब्येत सांभाळा, नोकरीचं नंतर बघू." कॅन्सरचं निदान झालं की कचेरीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेकदा खरीच माया असते. पण थोड्याच दिवसांत एचआरकडून राजीनाम्याचा तयार मसुदा पुढे येतो आणि घाबरलेला माणूस सही करून मोकळा होतो. काढून टाकल्याची नोंद कुठेच राहत नाही, त्यामुळे दाद मागणंही फार अवघड होऊन बसतं.

म्हणून कळकळीने सांगतो, सही करू नका. रजेचा अर्ज द्या, लेखी द्या, त्याची पोच घ्या. प्रश्न नुसत्या पगाराचा नाही. कंपनीचा गटविमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. कॅन्सर झाल्यावर नवी पॉलिसी मिळणं कठीण, आणि मिळालीच तरी आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. किमो अर्धवट असताना केलेली सही उपचाराचाच पैसा तोडते. निघणं भागच असेल, तर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज आधी करा.

ज्यांचा ईएसआय कापला जातो, म्हणजे महिना २१ हजारांपर्यंत पगारवाले, त्यांना कायद्याचा आधार आहे. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो. कॅन्सर मात्र दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेसे हप्ते असतील, तर ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. आजारलाभ चालू असताना कामगाराला काढायला १९४८च्या मूळ कायद्याच्या ७३व्या कलमानेच मनाई केली होती. किती कामगारांना हे कुणी सांगितलं असेल?

त्याहून थोडा जास्त पगार असलेला मात्र उघड्यावर पडतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत आणि हक्काची रजा साठते जास्तीत जास्त ४५ दिवस. किमोची सायकल अनेकदा २१ दिवसांची, अशा चार-सहा सायकली, मग रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस. हिशेब बसतच नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही. ब्रिटनच्या २०१० सालच्या कायद्यात मात्र निदानाच्या दिवसापासून संरक्षण लागू होतं आणि कामात वाजवी बदल करून देणं मालकावर बंधनकारक असतं.

ते बदल मोठे नसतात. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजत असेल, तर वजन उचलण्याचं काम नको. किमोनंतरचा थकवा झोपेने जात नाही, नावं-आकडे आठवायला वेळ लागतो. अशा वेळी काही आठवडे अर्धा दिवस काम पुरतं. टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षं चालते, म्हणजे फॉलोअपची रजाही लागत राहणार. "आता बरी झालीस ना?" असं विचारून हे मिटत नाही. डॉक्टरांनीही नुसतं 'फिट' लिहू नये. कोणतं काम जमेल, किती तास, हे लिहावं.

ज्या कारखान्यांत सध्या वेतनकराराची बोलणी चालू आहेत, तिथल्या युनियननी दोन कलमं या वेळीच घालून घ्यावीत: उपचार संपेपर्यंत जागा राखून ठेवणं आणि परतल्यावर पहिले तीन महिने हलकं काम, पगार न कापता.